डावीकडं सरकलेली पावलं

वडीगोद्रीत हायवेला लागून माझं दुकान आहे. दुकानांचे बोर्ड, दारावरच्या नावाच्या पाट्या, दगडावरचं कोरीव काम, सगळं करते. चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, कोरायचं मशीन मागच्या शेडात. आणि एक सांगते, ह्या दैवशालाच्या कामात सूतभर फरक निघत न्हाई. बाकीचे अंदाजानं अक्षरं ठेवतात. मी पडद्याच्या कडेच्या पट्टीतून निळी गाईडलाइन, म्हणजे आखणीची रेघ, ओढते, चित्र तिला चिकटवते, वर मापाच्या टूलनं दोन्हीकडचं अंतर मोजते. पार अंबडहून लोकं येतात ते काय उगीच?

त्रिंबक त्याच्या वडलांना, रामरावांना, घेऊन आल्ता. जवळच्याच वस्तीवरचे, मेंढरं राखणारं घर. रामरावांनी पिशवीतून पांढरं कापड काढलं. त्याच्यावर कुंकवात उठलेली दोन पावलं होती. त्यांच्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की पावलं अशी उठवून ठेवतात. ही त्रिंबकच्या आईची, सुगंधाबाईची. ती उन्हाळा लागता लागता गेली.

"काळ्या दगडावर पाहिजेत," रामराव म्हणाले. "मधोमध. पंगत असू दे न्हाईतर फोटो, जल्मभर माझ्या डाव्या अंगाला बसली. पर कळप तिच्या मागं चालायचा, पोरी. मी घसा फोडला तरी मेंढरू हलायचं न्हाई. आता एकलीच मधी बसू दे."

बायकोचं कौतुक असं तोंडभरून करणारा म्हातारा मी पहिल्यांदाच पाहिला.

जाताना त्रिंबक मागं थांबला. "ताई, आबांनी जेवण सोडल्यात जमा हाये. समाधीवर दगड बसला की माझा जीव भांड्यात पडंल. आई गेली, आता तेवढेच हायेत मला."

मी कापड स्कॅन केलं. चित्र मोठं करत करत टाचेतली एकेक भेग रेघेनं काढली. दगडाच्या मापाचं पान, मधोमध गाईडलाइन, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल. डावं-उजवं अंतर मोजलं, बराबर. सेव्ह करून जेवायला गेले.

आले तर पावलं पानाच्या डाव्या अर्ध्यात.

माझाच हात लागला असंल म्हणून परत मधी आणली. चहा पिऊन आले, परत डावीकडं. मंग चित्राला लॉक घातलं, म्हणजे माऊसनं ओढलं तरी हलायचं न्हाई. तरी हललं. फाईल माझ्या भाचीच्या, शालूच्या लॅपटॉपवर टाकली. तिथंबी तेच.

तिरपी झाली असती, वाकडी झाली असती, तर कॉम्प्युटर बिघडला म्हणले असते. पण पावलं सरळच्या सरळ सरकत होती, दरवेळी तेवढीच. माझ्याच हातचं काम वाटावं इतकी चोख. मी चित्र लहान करून अख्खा दगड पडद्यावर घेतला आणि उजवीकडची रिकामी जागा मोजली. एक जोडी मावेल एवढी होती. सुगंधाबाईच्या पावलांपेक्षा मोठी जोडी.

माझं डोकं फिरलं. "बाई, नवरा एवढा कौतुकानं मधी बसवून राह्यलाय, बस की गुमान."

दुकानात ओल्या लोकरीचा वास आला. बाहेर रणरणतं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी मी इरेला पेटले. पावलं मधी आणली, मोजली, जागेवरून न उठता फाईल मशीनला पाठवली. काम होईस्तोवर शेडात मशीनपाशी उभी राह्यले. पाणी आणि दगडाची भुकटी मिळून सगळा राडा झाल्ता, खालचं काही दिसत नव्हतं. मशीन थांबल्यावर दगडावर बादली ओतली.

भेगासुद्धा जशाच्या तशा उतरल्या होत्या. असं काम मी आजवर केलं नव्हतं.

पावलं डावीकडं होती.

तेवढ्यात बापलेक आले. मी तोंड उघडायच्या आत रामरावांनी दगड पाहिला. मला वाटलं, आता म्हातारा चिडणार. पण ते हसले, पोरानं बक्षीस आणल्यावर बाप हसतो तसे.

"बघ त्रिंबक, कशी हाये तुझी आई. एसटीत रुमाल टाकून जागा धरायची, तशी धरलीय."

त्यांनी वहाणा काढल्या आणि दगडाच्या रिकाम्या बाजूवर उभे राह्यले.

"आबा, खाली उतरा," त्रिंबक म्हणाला.

ते उतरले न्हाईत. "गरम हाये," ते हळूच म्हणाले. "आत्ताच कुणी बसून उठल्यावानी."

दगडावर नुकतंच बादलीभर गार पाणी पडलं होतं.

मी दुकानात पडद्याकडं गेले. उजवीकडच्या रिकाम्या जागेत दोन नव्या गाईडलाइन होत्या, एक वर, एक खाली. मी ओढल्या नव्हत्या. मधलं अंतर एका पावलाएवढं होतं. शेडाच्या उघड्या दारातून रामरावांचे पाय दिसत होते. माप जुळवायला पट्टी लावायची गरजच नव्हती, माझी नजर तयार आहे.

त्रिंबक माझ्या मागं येऊन उभा राह्यला.

"ताई, ह्या निळ्या रेघा कशाच्या?"

"कशाच्याच न्हाई," मी म्हणलं. "त्या कोरल्या जात न्हाईत. नुसती जागा दाखवतात."