रिंगच्या खेळाचं जाळं

"आई, बस्स झालं! सोड ती सुई!" काळुरामने आईच्या हातातली जाळं विणायची लाकडी सुई हिसकावून घेतली आणि डोंबिवलीच्या त्या वृद्धाश्रमाच्या अंगणात तिच्याभोवती बसलेली म्हातारी मंडळी चपापून बघतच राहिली...

ठाण्याच्या खाडीत मनुबाईचा नवरा बुडाला, तेव्हापासून दुसऱ्यांची जाळी विणून तिने या लेकाला शिकवलं, वागळे इस्टेटीत सुपरवायझर झालेला पाहिलं. आणि नात दहावीला आली, दोन खोल्यांत तिला अभ्यासाला कोपरा उरेना, तेव्हा कुणी तोंड उघडायच्या आत, "मना आश्रमान ठेव," म्हणून स्वतःच गाठोडं बांधलं. इथे कमी काहीच नव्हतं. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, संध्याकाळी भजनाची कॅसेट... आणि मधला सबंध दिवस भिंतीकडे बघत बसायचं! बोटं नुसती शिवशिवायची तिची! अंगणात रिंग खेळायचे दोन खांब होते, पण त्यांच्यामधलं जाळं कधीचं फाटलेलं. तिने व्यवस्थापिका शालनताईंच्या मागे लागून नायलॉनची दोरी मागवली, गाठोड्यातली जुनी सुई काढली, आणि आठवड्याभरात पाचजणांना गाठ मारायला शिकवलं.

"यातच जन्मभर बोटं सोललीस ना?" काळुरामने तिची बोटं हातात धरली. "मी जिवंत असताना परत मजुरी? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, आई!"

आईची नव्हे, पोराला स्वतःचीच लाज वाटत होती तर! त्या माउलीचं अंतःकरण भरून आलं.

"बाला, तवा जालं लोकांचं होतं नि पोट आपलं. आता ह्यो माजा खेल हाय रं! तू जेवाला देतस, कापरा देतस... पन दिवस कोन देल मना? हातान काय नसला तं मानूस जगल कसा?"

तेवढ्यात पाचांपैकी एक, निवृत्त मास्तर गोविंदराव, खेकसले, "अहो सुपरवायझर, सुई द्या! आमची मॅच खोळंबलीय!"

सगळे हसले. काळुराम मात्र इस्त्रीच्या पँटीसकट मातीत बसला, आईजवळ, लहानपणी बसायचा तसा. वीस वर्षांनी दोरा ओढला, गाठ मारली. मनुबाईने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ढिली हाय. सोर."

त्याने ती सोडली, डोळे पुसले, आणि पुन्हा मारली.

पुढच्या रविवारी जाळं खांबांवर चढलं. सत्तरीचे गोविंदराव रिंग फेकत होते, मनुबाई खुर्चीत ताठ बसून गुण सांगत होती. कुणाचा तरी पाहुणा म्हणाला, "जाळं मस्त आहे हो! कुठल्या दुकानातून आणलंत?"

ठाण्यात इतकी वर्षं तोलूनमापून बोलणारा काळुराम छाती फुगवून ओरडला, "दुकान कसला! माज्या आयेनं इनलंय! नि तेच्यान येक गाठ माजी हाय!"

"ती कदीच सुटली," मनुबाई म्हणाली. "मी परत बांधली."