ऐंशी नंबरचं दार

एक होता हात घडवणारा, एक त्याची लेक, आणि एक त्याची म्हातारी आई, म्हणजे मी. ज्यांचे हात गेले त्यांना माझा मुलगा लाकडाचे हात करून द्यायचा. पण गिऱ्हाईक आटलं. तेव्हा मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत तुमचं काम इंटरनेटवर दाखवा. पसंत पडलं तर आमच्या पेशंटचे हात तुम्हीच करायचे." नाही पडलं, तर मुलगा दुसऱ्या दिवशी लांबच्या कारखान्यात खुर्च्या ठोकायला जाणार होता. हत्यारं पेटीत भरूनही झाली होती.

नातीनं एका बंद पडलेल्या दुकानातला जुना कॉम्प्युटर आणला, पार कोरा पुसला आणि त्यात वेब सर्व्हर घालायला बसली. मी शेजारी. बाहेर इतकं धुकं, की भरदुपारी दिवा लावलेला. खोलीभर ओल्या भुशाचा वास.

"फुकट मिळतो का गं हा?"

"फुकट. आणि आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं. लपवाछपवी नाही."

"आणि करतो काय?"

"दारात बसतो, आजी. कोणी आलं की त्याला पान काढून देतो. दारं पुष्कळ असतात, पण सगळं जग येतं ते ऐंशी नंबरच्या दारावर."

मला तर बाई जत्रेला निघाल्यासारखं झालं. तिची बोटं खडखड चालली होती. तिनं हातांचे तीन फोटो लावले, सर्व्हरला सुरू हो म्हटलं. तो हलेना.

"दार रिकामं नाही म्हणतोय," ती वाचून म्हणाली. "तिथं आधीच कोणीतरी बसलंय."

"कोण?"

"कोणीच नसायला हवं. आत्ताच तर सगळं पुसलं."

तिनं त्याला उठवलं. तो परत बसला. तिनं इंटरनेटची वायर उपटली, मशीन बंद करून पुन्हा लावलं... तरी दारात तोच. मग तिनं त्याच मशीनवरून ते दार ठोठावलं. पडदा पांढराफटक, त्यावर एकच ओळ. नातीनं ती हळूच वाचून दाखवली.

"इतके दिवस... कोणी आलंच नाही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगू, मजाही वाटली. छाती अशी धडधडत होती, की वय विसरले.

"आई, राहू दे आता," मुलगा म्हणाला. "माझ्या नशिबी खुर्च्याच."

"तू गप रे." मी नातीकडे वळले. "दारात बसलेल्याला असं हुसकतात का? बसू दे त्याला. आपण आतल्या दारी बसू. त्याला म्हणावं, पाहुणे आले की आत पाठव."

"तसं सांगता येतं, पण त्याच्या फायलीत लिहावं लागतं. याची फाईलच सापडत नाही."

"मग तोंडानं सांगते." मी पडद्याशी वाकले. "बाबा रे, दार तुझंच. पण आज आमच्याकडे माणूस यायचाय. त्याला अडवू नकोस..."

नातीनं आमच्या सर्व्हरला आतलं दार दिलं. तो मुकाट सुरू झाला. तिनं वायर जोडली. आम्ही तिघं बसून राहिलो. मशीनचा पंखा एकदम थांबला, कोणी ऐकायला श्वास धरावा तसा...

फोन वाजला. डॉक्टरीणबाई.

"पान झटकन उघडलं. हात पसंत आहेत, उद्यापासून कामाला लागा. मला तर तो चौथा फार आवडला."

"चौथा?" नातीनं पडद्याकडे पाहिलं. तिथं तीनच होते.

"तोच हो, बोटं जरा मुडपलेली, दार ठोठावायला उचलल्यासारखी. मनगटाशी भेग आहे बघा."

"असा हात मी कधी केलाच नाही," मुलगा म्हणाला, उठला आणि पेटी उघडून हत्यारं बाहेर काढली.

आता दोन शेड आहेत, हाताखाली माणसं आहेत, नातीला स्वतःची खोली आहे. लांबून लांबून लोक येतात आणि तोच हात मागतात. मुलगा करूनही देतो. फक्त म्हणतो, "आई, मी बोटं सरळच कोरतो गं. सकाळी येऊन बघावं, तर मुडपलेली असतात."