चुकेल त्याचा केक

बेकरीच्या काचेमागे खोबऱ्या-साखरेच्या थराचा एकच स्वप्नकेक उरला होता... आणि दोन बोटं त्याच्याकडे एकदमच वळली.

एक बोट रग्नाचं. दुसरं कुणाचं, म्हणून तिनं मान वळवली, तर ओली टोपी, थंडीनं लाल झालेलं नाक आणि इतके शांत डोळे, की बाहेर डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या रस्त्यावर पाण्यासारखा बर्फ पडतोय हे ती क्षणभर विसरूनच गेली.

"आधी मी दाखवला," ती म्हणाली.

"दाखवलास. पण माझी अडचण ऐकून तर घे!" तो अजिजीनं म्हणाला. "शुक्रवारी माझ्या एका चुकीनं सगळ्यांचं काम अर्धा दिवस बंद पडलं. आमच्याकडे रीत आहे — चुकेल त्यानं केक आणायचा. उद्या हात हलवत गेलो तर..."

"तर काय, फटके मारतील?"

"छे! कुणी अवाक्षर बोलणार नाही. तेच तर अवघड."

रग्नाला हसू आलं, पण केक तिनं सोडला नाही. "नव्या ऑफिसात उद्या माझी पहिली सकाळ आहे. मला माणसं जिंकायचीत."

"मग घे बाई, तुलाच गरज जास्त दिसतेय."

"टोमणा होता का हा?"

"थोडासा," तो म्हणाला आणि टोपी सारखी करत बर्फात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लांब टेबलावर दोन स्वप्नकेक होते. एक दुकानातला, नीटनेटका. दुसरा घरी केलेला, एका अंगाला कललेला, वरचं खोबरं आणि तपकिरी साखर छान खरपूस झालेली. आणि त्याच्यामागे तेच शांत डोळे!

"अरे देवा, तू? केकचोर?" तो म्हणाला.

"आणि तू तो गुन्हेगार!"

"म्हणजे आमची नवी प्रमुख तूच..." त्यानं हात पुढे केला. "एस्किल."

कललेला केक दहा मिनिटांत संपला. रग्नाचा अर्धा उरला. पण त्या हारीचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

ही सात जणांची टीम शहरासाठी एक सॉफ्टवेअर लिहीत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कोणत्या सेविकेनं किती वाजता जायचं, कुणाला कोणती गोळी द्यायची, हे ते सांगणार होतं. एक मार्चला ते साऱ्या शहरात सुरू करू, असा शब्द रग्नानं नगरपालिकेतल्या अधिकारी मेरेतेला दिला होता. स्वतःच्या जबाबदारीवरचं तिचं हे पहिलंच काम.

भिंतीवर एक तक्ता होता. नाव, चूक, केक. तीन महिन्यांत पाच केक. कुणी कुणाला रागवत नसे, म्हणून कुणी काही लपवतही नसे. रग्नाला या माणसांचं मनापासून कौतुक वाटलं. आणि एकाचं... जरा जास्तच.

एस्किलचा एक नेम होता. चार वाजले की तो कोट चढवी, सायकल काढी आणि लाकडी धक्क्यावरून थेट समुद्रात उतरे.

"रोज?" तिनं एकदा विचारलं.

"रोज."

"जानेवारीत? वेडा आहेस का?"

"वेड लागायच्या बेतात होतो, म्हणून तर सुरू केलं." तो हसला, मग सावकाश सांगू लागला. "आधीच्या नोकरीत बारा-बारा तास काम करायचो. एका सकाळी लिफ्टसमोर उभा राहिलो आणि आपला मजला कुठला तेच आठवेना. पाच महिने घरी पडून होतो. या पाण्यानं उठवलं मला. आता रोज चारला तिथं जायचं, एवढं एक पाळतो."

त्या दिवसापासून चार वाजले, की रग्नाचेच डोळे त्याच्या कोटाकडे जाऊ लागले.

जानेवारीच्या शेवटी काम मागं पडलं. रग्नानं सगळ्यांना विनंती केली — महिनाभर रोज दोन-तीन तास जास्त थांबू, शनिवारीही येऊ. एकटी वयस्कर बिर्ते सोडली, तर कुणी नाही म्हटलं नाही. चार वाजले. एस्किलनं कोटाला हात घातला... तिच्याकडे पाहिलं... आणि कोट पुन्हा खुंटीला अडकवला.

"आणि तुझा समुद्र?"

"तो कुठं पळून जातोय!"

तिच्या काळजात काहीतरी लकाकलं. आणि त्याच जागी काहीतरी टोचलंही... पण तिकडे तिनं लक्ष दिलं नाही.

पहिला आठवडा काम नुसतं धावलं. दुसऱ्या आठवड्यात टेबलावर तीन केक आले. तिसऱ्यात रोज एक, तेही दुकानातून घाईघाईनं उचललेले. थट्टामस्करी आटली. दोन जिवलग मित्र खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरून कडाडून भांडले. संध्याकाळी केलेल्या चुका निस्तरण्यात सकाळ जाऊ लागली. आणखी थोडेच दिवस, रग्ना स्वतःला सांगत राहिली.

चौथ्या आठवड्यात पाळी एस्किलची होती. त्यानं घरी केलेला स्वप्नकेक आणला. सगळ्यांनी खाल्ला. "छान झालाय," रग्ना पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

दहाला बिर्ते आली. बासष्ट वर्षांची, आठवड्यातून तीनच दिवस येणारी, जादा वेळ न थांबणारी. तिनं घास घेतला आणि ती थबकली.

"एस्किल राजा, यात साखर कुठंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एस्किल खिडकीशी गेला. खाली त्याच्या सायकलला साखरेची पिशवी कालपासून तशीच लटकत होती, वर पांढरं दव गोठलेलं. कुणीतरी हसलं. ते हसू एकटंच राहिलं. सहाही बशा रिकाम्या होत्या.

"मी विसरलो, ते एक वेळ ठीक," तो रग्नाजवळ येऊन हळूच म्हणाला. "पण कुणालाच कळलं नाही गं. तुलाही नाही. माझं तेव्हा असंच सुरू झालं होतं..." तो जरा थांबला. "मी ही नोकरी सोडावी म्हणतो. तुझ्यावर राग नाही. उलट... तू सांगितलंस की मला नाही म्हणताच येत नाही. ते बरं नव्हे माझ्यासाठी."

तो गेला, आणि रग्ना तक्त्यासमोर उभी राहिली. चार आठवड्यांत चौदा केक. तिनं एकेक चूक वाचली. जवळजवळ सगळ्या चारनंतरच्या. एका आजीबाईंची रात्रीची गोळी सकाळी दाखवली गेली होती, ती चूक बिर्तेच्या नजरेस पडली म्हणून बरं. दमलेल्या हातांनी सावरायला निघालेलं काम त्याच हातांनी विस्कटत होतं. आणि ते हात तिनंच दमवले होते.

तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मेरेतेला फोन लावला.

"एक मार्चला सगळं शहर होणार नाही. तीन भाग देते. बाकीचे मेअखेर."

"या तारखेसाठीच तुला नेमलं होतं, रग्ना. ते काम काढूनही घेता येतं."

"घे. पण तारीख पाळली, तर चुका राहतील आणि कुणा म्हाताऱ्याच्या दारी कुणी जाणारच नाही. तो शब्द माझ्यानं पाळवणार नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"माझे वडील त्या तीन भागांतल्या एकात राहतात," शेवटी मेरेते म्हणाली. "तेवढं नीट कर. बाकीचं मी वर सांगते."

दुसऱ्या सकाळी टेबलावर एक केक होता — एका अंगाला कललेला, कडेला थोडा करपलेला. तक्त्यावर नवी ओळ होती. नाव: रग्ना. चूक: चारनंतरचे तास.

"प्रमुखानं स्वतःच्या चुकीसाठी आणलेला केक इथं पहिल्यांदाच बघतेय हो मी," बिर्ते म्हणाली आणि आपली बशी तिनं दुसऱ्यांदा भरून घेतली. एस्किलनं तक्ता दोनदा वाचला.

चार वाजता रग्नानं स्वतः दिवे मालवले.

फेब्रुवारी सरत आला होता. शहरामागून तिरपं ऊन पाण्यावर पसरलं होतं. एस्किल पाण्यातून वर आला, टॉवेल गुंडाळलेला, लालबुंद — आणि धक्क्यावर ती उभी, हातात डबा.

"शेवटचा तुकडा," ती म्हणाली. "या वेळी बोट एकट्या तुझंच."

त्यानं घास घेतला. डोळे मिटून, सावकाश... चव घेत.

"साखर जरा जास्तच झालीय."

"हो... म्हटलं, कालची राहिलेली भरून काढू." तिनं डब्याचं झाकण लावलं. "एस्किल, आता हुकूम नाही. विचारते. राहशील?"

"ऑफिसात?"

"सुरुवात... तिथून करू."

तो तिच्याकडे बघत राहिला. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि त्याला त्याचं भानच नव्हतं.

"मला एक सांग," तो म्हणाला. "काहीच चूक झालेली नसताना केक आणावासा वाटला... रोज... एकाच माणसासाठी. तर तक्त्यात कुठं लिहायचं?"

"त्याला रकाना नाही," रग्ना पुटपुटली.

"म्हणून तर तुला विचारतोय."

तिनं डबा खाली ठेवला आणि आपली लोकरीची टोपी काढून त्याच्या ओल्या केसांवर, कानांपर्यंत नीट ओढून बसवली.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "नुसता आणत जा."