कोरड्या बोटीतला पंप

करंट येईपर्यंत बसा इथेच गच्चीवर. आणि क्षितिज, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. उपेंद्र खोटं सांगणारा मुलगा नव्हता.

माझ्या ऑफिसातल्या पुरुषोत्तमचा हा मुलगा. नॉर्वेत शिकून परतला तो एकच वेड घेऊन: धरणापलीकडच्या पोरांना शाळेत नेणारी, बॅटरीवर चालणारी बोट. तिथली जुनी होडी आदल्या पावसाळ्यात उलटली होती. मुलांसकट. तेव्हापासून त्याला झोप नव्हती. शहराबाहेर, बोम्मसंद्र्याच्या एका शेडमध्ये त्याने बोट बांधली.

साल शहाण्णव, आयुधपूजेची रात्र. दसऱ्याच्या सकाळी बोट ट्रकवर चढायची, म्हणून साडेनऊच्या सुमाराला तो बॅटऱ्या बघायला गेला. वॉचमन मानसिंग, इथल्या कानडी मुलखातल्या जुन्या मराठ्यांपैकी. तो म्हणाला, "आज नको सार. मिशिनची पूजा झालीय, स्वल्प विसावा द्या की तिला."

"अण्णा, बोट सुट्टीवर गेली तर पोरं शाळेत कशी जातील?"

"पोरं पण सुट्टीवरच हैत की आज."

वेदिका, एवढं समजून घे. बॅटऱ्या असतात बोटीच्या मागच्या टोकाला, फळ्यांखालच्या कप्प्यात. मोठा स्विच बंद केला की मोटर, दिवे, सगळं बंद. पंप मात्र नाही. तो सरळ बॅटरीला जोडतात. बोटीत कोणी नसताना पाणी शिरलं, तर तळाचा तरंगता स्विच वर उचलला जातो आणि पंप आपोआप पाणी बाहेर फेकतो. दुसरी गोष्ट, चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो. तो कोंडला आणि ठिणगी पडली, तर स्फोट. हे मला उपेंद्रनेच शिकवलेलं. आणि त्या रात्री घाईत, चार्जर चालू ठेवूनच, तो पोटावर सरपटत आत शिरला.

कप्प्याचं झाकण पडलं. वरची कडी बसली.

त्याने हाका मारल्या. बाहेर पूजेचा लाउडस्पीकर. वळायला जागा नाही. खांदे दोन्हीकडून अडकलेले. नाकाला झोंबणारा वास. टॉर्चचं बटण दाबायचीही भीती…

आणि पंप सुरू झाला.

कोरड्या बोटीत.

त्याने अंधारात तरंगता स्विच चाचपला. खालीच होता. तरी पंप फिरत होता. कोरडा पंप तापतो. तापला तर आग. थांबवायचा तर वायर ओढायला हवी. ओढली तर ठिणगी.

वायर हाताला लागली. त्याला सगळं कळत होतं. तरी बोटं आवळली…

बोटांवर एक हात आला.

लहान. ओला. गार.

त्या हाताने त्याची बोटं घट्ट धरून ठेवली, वायर ओढू दिली नाही.

मग दुसरा हात. मग…

उपेंद्रने वायर सोडली.

किती वेळ गेला, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. कडी वाजली. झाकण उघडलं. मानसिंग. "पाणी पडल्याचा आवाज आला सार, म्हणून आलो. पंप कोण लावला?"

मानसिंगने त्याला ओढून बाहेर काढलं, भिंतीवरचं चार्जरचं बटण बंद केलं. पंप आपला आपण थांबला. बोट कोरडी. जमीनही कोरडी.

"मग पंप ओढत काय होता, काका?"

तेच मानसिंगने विचारलं. वारा लागून कप्प्यातला वायू निघून गेल्यावर त्याने पंपाची जाळी काढली. जाळीत एक मासा होता. करंगळीएवढा. पाण्याला एकदाही न लागलेल्या बोटीत.

"मेलेला?"

नाही… मानसिंगने तांब्यात सोडला. पोहायला लागला.