डोंगराचा कौल

करंजवडीच्या शाळेत शनिवारी फळा नसे. पोरं चपला काढून देवराईत शिरत आणि करवंदाच्या जाळीला हात लावण्याआधी तिथं उभ्या असलेल्या खांबाकडे वळून विचारत, "घेऊ का?" खांबावरचा दिवा हिरवा झाला तर मूठभर घ्यायचं, लाल झाला तर मुकाट्यानं हात मागे. घरी आईचं एक न ऐकणारी ही वानरसेना इथं मात्र शहाण्यासारखी वागे.

त्या खांबाला पोरं कौलखांब म्हणत. त्याच्या तारा मुळांमध्ये, मातीत आणि झऱ्याच्या पोटात पसरल्या होत्या. साऱ्या गावाचं पाणी त्याच झऱ्याचं. डोंगरात काय किती आहे, वर्षभरात किती भरून येतं, हे खांबाला कळे; आणि गावातल्या प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीवरून कोण किती वापरतं, तेही. शाश्वत विकास हा धड्यातला जडजंबाल शब्द जगदाळेबाईंनी पोरांना सोपा करून दिला होता : अंथरूण पाहून पाय पसरायचे. शिकवलेलं पोरांच्या अंगी उतरलंय याचा बाईंना अभिमान होता, आणि तो असायला हरकतही नव्हती.

त्या शनिवारी करवंदं खाऊन झाल्यावर समिधा ढेबे ही पोरगी खांबापुढच्या चौथऱ्यावर चढली आणि तिनं विचारलं, "मी ह्या डोंगरात कायमची ऱ्हाऊ का?"

बाई हसल्या. "अगं, हा काय प्रश्न झाला?"

खांबाला मात्र तो प्रश्न वाटला. एरवी चटकन लागणारा दिवा बराच वेळ लागलाच नाही. झऱ्याकडून येणारी तार गुणगुणली. मग समिधाच्या पट्टीवर हिरवा ठिपका उमटला.

पोरांना नवा खेळच मिळाला. "मी बी! मी बी!" करत रांग लागली. बाईंनी नेहमीसारखं आपल्या लेकीला, शाल्मलीला, दंडाला धरून सर्वांत मागे उभं केलं. बाईंची मुलगी म्हणून पुढं घुसली, असं कुणी म्हणायला नको. एकेक जण चौथऱ्यावर चढे, विचारी, हिरवा होई. मग यशोधन चढला, आणि त्याचा ठिपका लाल झाला. त्याच्यामागच्या दोघांचाही लाल. शेवटी शाल्मली. लाल.

कुणी हसलं नाही. हिरवी पोरं सरकून एकमेकांना चिकटली. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना टिंगल. तोडायला मनाई असलेल्या फळाकडे बघावं, तशी ती या चौघांकडे बघत होती.

"बिघडलाय तो खांब," बाई म्हणाल्या. "चला सगळे खाली."

"न्हाई बाई," समिधा शांतपणे म्हणाली. "कौलखांब खोटं बोलत न्हाई. तुमीच सांगितलंय."

"आई, मी काय केलं गं?" शाल्मलीनं विचारलं. शाळेत आई म्हणायचं नाही, हेही ती विसरली होती.

बाईंना राग आला, तो स्वतःचाच. पोरीला उचलून घरी न्यावं म्हणून त्या पुढे झाल्या, आणि मग त्यांना जे सुचलं ते एखाद्या आईलाच सुचावं. त्यांनी आपल्या मनगटावरची पट्टी सोडून चौथऱ्यावर टाकली आणि खांबाला दरडावून विचारलं, "मी नसेन तर? मला वगळ, आणि आता सांग."

तार पुन्हा गुणगुणली. शाल्मलीचा ठिपका हिरवा झाला.

बाईंचे डोळे भरून आले. लेकीला पोटाशी धरणार, तोच यशोधनच्या मनगटावरही हिरवं उमटलं. मग उरलेल्या दोघांच्याही. एका मोठ्या माणसाच्या वाट्यात चार पोरं बसली होती.

खाली गावातून पाण्याच्या मोटारींचा आवाज वर येत होता. सगळी पोरं एकदमच तिकडं वळली. वर्गात शंका विचारावी तसा समिधानं हात वर केला.

"बाई, खाली मोठी मानसं किती हायेत?"