वकीलसाहेबांचं चौथं वचन

मनकर्णाबाईंना ती सकाळ म्हातारपणीही काल घडल्यासारखी आठवायची. निजामाच्या अमदानीतलं औरंगाबाद, हिवाळ्याचं कोवळं ऊन. औरंगपुऱ्याच्या हौदावर त्या घागर भरत होत्या, आणि डोळ्यांदेखत एक तरुण सायकलसकट उघड्या गटारीत गेला!

मनकर्णा हसली... पदर तोंडाशी धरला तरी हसू आवरेना. मग तिलाच वाईट वाटलं. पुढं होऊन तिनं त्याच्या चिखलानं माखलेल्या हातांवर पाणी ओतलं.

“बद्रीनाथ वकील,” तो ओशाळून म्हणाला. “बलदियाच्या निवडणुकीला उभा आहे. नगरपालिकेत गेलो की तीन कामं करणार. रस्त्यांवर कंदील, हौदांत नहरीचं पाणी दोन्ही वेळा, आणि...” तो अडखळला.

“आणि गटारींवर फरश्या?”

“व्हय!” आता तोही हसला. “तुम्हाला काय हवं गावात?”

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “पोरींची शाळा चौथीला संपते,” ती हळूच म्हणाली. “मला लई शिकायचं होतं.”

जाताना त्यानं दोनदा वळून पाहिलं. घागर केव्हाच भरून वाहत होती...

मग वकीलसाहेबांचा प्रचार रोज हौदावरूनच जाऊ लागला.

“आज इकडं कसं?”

“मतं मागायला.”

“हौदाला मत असतं व्हय?”

गुलमंडीवरच्या सभेच्या दिवशी मात्र तो गंभीर होता. “दोस्त म्हणतात, शाळेचं बोलू नको. व्यापारी फिरतील.”

“मग?”

“बघू...”

सभेला शेजारच्या माडीवर बायका बसल्या होत्या, त्यांत मनकर्णा. तीन वचनं झाली, टाळ्या पडल्या. बद्रीनाथ थांबला. त्यानं मान वर केली— थेट माडीकडं.

“आणि मुलींची शाळा सातवीपर्यंत!”

खाली चुळबूळ झाली. काही पागोटी उठून गेली. मनकर्णानं कठडा घट्ट धरला.

निवडणुकीत तो पडला. तिच्या वडिलांनी, पुंजारामशेठनी, मत दुसऱ्यालाच दिलं होतं.

“माझ्यामुळं हरलात,” हौदावर ती म्हणाली.

“तुमच्यामुळं बोललो. हरलो माझा मी.” त्यानं सायकल हौदाला टेकवली. “जिंकलो असतो, तर वाजतगाजत तुमच्या घरी मागणी घालणार होतो. आता कोणत्या तोंडानं—”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “घरपट्टी बाबांच्या नावावर, म्हणून मत एकट्या बाबांना. मला असतं तर...”

“तर?”

“तुम्हालाच दिलं असतं.” तिनं घागर कमरेवर घेतली. “संध्याकाळी या. वाजंत्री नको. नुसतं या.”

तो आला. त्यानं घातलेली मागणी ऐकून पुंजारामशेठ आधी भडकले. मग त्यांनी त्याला समोर बसवलं. दाराआड मनकर्णा कान देऊन उभी होती.

“पोरीला पुढं शिकवणार?” त्यांनी शेवटी विचारलं.

“त्या म्हणतील तितकं.”

पुंजारामशेठनी आत आवाज दिला, “मनकर्णे, दोन कप चहा टाक.”

तिनं तीन टाकले.