पिवळ्या डोळ्यांचा पैलवान

पंचाहत्तर सालचा उन्हाळा. सोलापूरचं ऊन असलं की चप्पल डांबराला चिकटून ऱ्हायची. मोठ्या दवाखान्यासमोर आमची रसवंती व्हती. अप्पा गल्ल्यावर, थोरला भाऊ मल्लप्पा ऊस सोलायला, आन् मी चरकावर. घुंगरं वाजायची छुमछुम. चाक वढून वढून माझं दंड असं झालतं की टवाळ पोरं गुमान रस पिऊन जायची.

एक दिवस एक पैलवान वाकून आत आला, एवढा उंच. ग्लास देताना मी वर बघितलं, त्यानंबी बघितलं... काळजात कायतरी हाललं बघा. लाजायचं सोडून मी म्हणलं,

"डोळे पिवळे झाल्यात तुमचे."

"पयल्याच भेटीत डोळ्यात बघता व्हय?"

"कावीळ हाय ती. समोर दवाखाना हाय, जावा."

गेला. नाव गुरुलिंग, अक्कलकोटकडचा. कवापासनं अंग मोडून यायचं, पण वस्तादाला वाटलं पोरगं आळसावलंय. त्यानं जोर-बैठका दुप्पट केल्या, वर तूप वाढवलं. डॉक्टरांनी ऐकून कपाळावर हात मारला आन् त्येला खाटंवर पाडलं.

हिंडाय-फिराय लागला तसा रोज रसाला यायचा. आला की चरक धरायला बघायचा, मी हात झटकायची. डॉक्टरांनी जोर करू नको म्हणलंय ना, बसा तितं. बसायचा. ग्लास रिकामा झाला तरी बसायचा.

त्येच्या डोक्यात एकच भुंगा. तालमीत समद्यांची दाढी एकाच वस्तऱ्यानं. हा रोग रक्तातनं जातो म्हणून डॉक्टरांनी बाकीच्यांचंबी रक्त तपासलं, तर वाळक्या जोतीरामच्या रक्तात तोच रोग निघाला. पण जोतीराम ठणठणीत. मग एवढा तगडा गडी मीच कसा पडलो? त्यानं डॉक्टरांनाच इचारलं. ते म्हणले, हा जंतू लिव्हरमधी लपून बसतो, सोता लई नासधूस करत न्हाय. अंगातली राखणदार फौज त्येला माराय येती, आन् जितं तो लपलाय ती लिव्हरच फोडून काढती. जोतीरामच्या फौजेनं चोर वळखलाच न्हाय, म्हणून त्यो तसाच आत बसलाय, जोतीरामला जपाय पायजे. तुझी फौज तुटून पडली. लिव्हर सुजली, पण चोर पळाला.

"म्हंजे तुमच्याच माणसांनी तुमाला हाणलं?"

"व्हय की. माझ्यावरच गेल्यात. ताकद लई, डोकं कमी."

मी हसता हसता ग्लास सांडला. त्यानं तो उचलून सरळ ठेवला.

"महानंदा... अप्पांना इचारू का?"

"काय?"

"ऊस कुटनं आणता ते —"

"इचारा की. लवकर इचारा," मी म्हणलं, आन् चाक असं फिरवलं की घुंगरं येडी झाली.

इचारलं. अप्पांचं तोंडच उतरलं. माझी आत्या सिद्धम्मा, तिचा नवरा काविळीनंच गेलता. काविळीच्या माणसाला पोरगी न्हाय म्हणले, आन् दुकानातबी यायचं न्हाय.

तरी दुसऱ्या दिवशी तो आला. मल्लप्पानं उसाचं कांडं उचललं. गुरुलिंग नुसता अंग चोरायचा, हात उचलंना. पयला घाव ग्लासांच्या फळीवर. दुसरा रसाच्या भांड्यावर. तिसऱ्यानं अप्पांचा गल्ला आडवा. जमिनीवर रसाचं तळं, त्यात काचा, आन् मधी गुरुलिंग उभा, धक्कासुदिक न लागता.

मला हसूबी येईना, रडूबी येईना. मी म्हणलं, "अप्पा, ह्येच्या अंगात हेच झालतं. रोगानं न्हाय मोडलं ह्येला, राखणदारांनी मोडलं. आत्याच्या नवऱ्याला कुणी तपासलंच न्हाय. ह्येला तपासलंय. जाऊन इचारा तर खरं."

अप्पांनी धोतर वर खोचलं आन् रस्ता वलांडून दवाखान्यात गेले.

तो येळ लई मोठा. मल्लप्पा कोपऱ्यात घाम पुसत. गुरुलिंग खाली बसून काचा येचाय लागला. हात कापंल म्हणून मीबी बसले. आमची बोटं एकाच काचंवर आली... दोघांनीबी काढली न्हाईत.

अप्पा परत आले. म्हणले, डॉक्टर सांगत्यात, रक्तात आता रोग न्हाय, लिव्हर परत भरून येती. मग माझ्याकडं वळले.

"नंदा, हा कुस्तीचा गडी. उद्या हात मोडंल, पाय मोडंल. मग काय करशील?"

"मोडू द्या. मी चरक वढते."

"आन् मी?" गुरुलिंग हळूच म्हणला. "मी काय करू मग?"

"तुमी..." माझी नजर न्हाय खाली गेली. "तुमी समोर बसायचं. जलमभर."